दवाखान्यात आलेली पोरगी फसवून आणलेली असेल तर? मानवी तस्करीबद्दल विदर्भातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी विदर्भातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफ नर्स आहे, १७ वर्षं झाली, त्याआधी उपकेंद्रावर एएनएम (गावात फिरून काम करणारी नर्स) होते. मानवी तस्करीचं ट्रेनिंग झालं की हॉलमध्ये सगळे मान हलवतात आणि खरे प्रश्न मग डबा खाताना निघतात, की ताई हे सगळं ठीक आहे पण आपल्या ओपीडीत हे करायचं कसं. ते डब्यावरचे प्रश्न इथं लिहिले आहेत, उत्तरं मला जशी कळली तशी. पेशंटची ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

आपल्या खेड्यापाड्यात कुठली आली तस्करी? ते मुंबई-दिल्लीचं काम ना?

मलाही आधी असंच वाटायचं. तस्करी म्हटलं की सोनं, गांजा, ट्रकच्या डिक्कीत कोंबलेली माणसं असं काहीतरी डोळ्यापुढं येतं. प्रत्यक्षात ती पोरगी एसटीनं, खिडकीजवळ बसून, हातात कुरकुऱ्याचं पाकीट घेऊन जाते, आणि तिला नेणारी बाई नात्यातली असते.

कायदा सोपा करून सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम १४३ हे मानवी तस्करीचं, आधी ते भादंवि (भारतीय दंड संहिता) ३७० होतं. त्यात तीन गोष्टी बघतात. एक, कोणीतरी माणसाला मिळवलं, नेलं, ठेवून घेतलं किंवा दुसऱ्याच्या हवाली केलं. दोन, त्यासाठी धाक, जबरदस्ती, फसवणूक, आमिष किंवा आपल्या वजनाचा गैरवापर केला. तीन, हेतू पिळवणुकीचा, म्हणजे देहविक्री, गुलामीसारखं काम, भीक मागायला लावणं, जबरदस्तीनं अवयव काढणं. आणि यात एक वाक्य असं आहे जे प्रत्येक लेबर रूमच्या भिंतीवर लावायला पाहिजे, की पीडित व्यक्तीनं ‘हो’ म्हटलं होतं का नाही याला काही अर्थ नाही. ‘ती स्वतःच्या मर्जीनं गेली’ म्हणून विषय संपत नाही.

अवयवाचं म्हणाल तर २०१५ साली अकोल्यात किडनीचं रॅकेट उघडकीस आलं होतं, सावकाराच्या कर्जात रुतलेली गरीब माणसं त्यात सापडली होती. अकोला काही परदेशात नाही.

मग कामासाठी बाहेर जाणारे सगळे तस्करीतले समजायचे का?

नाही, अजिबात नाही, आणि हे मी जरा जोरात सांगते कारण ट्रेनिंगवरून आलेला उत्साही माणूस प्रत्येक मजुराकडं संशयानं बघायला लागतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातले कोरकू लोक कामाला बाहेर पडतात आणि होळीला घरी येतात, गावच्या गाव रिकामं होतं नि भरतं. हे पोटाचं स्थलांतर आहे, गुन्हा नाही.

फरक कुठं पडतो तर परत यायच्या वाटेवर. ठेकेदारानं उचल दिली, ती फिटेपर्यंत सोडत नाही, हिशोब दाखवत नाही, मजुरी हातात देत नाही, फोन काढून घेतला, आधार काढून घेतलं, आजारी पडलं तरी ‘आधी पैसे फेड’, हे वेठबिगारीत मोडतं आणि वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झालेली आहे. त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं, एसडीओकडं (उपविभागीय अधिकाऱ्यांकडं) जाते. म्हणून मजुराला मी एकच विचारते, ‘उद्या सकाळी काम सोडून घरी जातो म्हटलं तर जाऊ देतील का?’ या प्रश्नाला माणूस किती वेळ गप्प राहतो तेच बघायचं.

लग्न लावून दिलं तर त्यात तस्करी कुठून आली?

आपल्या भागातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. गरीब घर, बाप वारलेला किंवा दारूत, घरात दोन-तीन पोट्ट्या, आणि ओळखीची एक बाई येते, म्हणते राजस्थानात चांगलं स्थळ आहे, मध्य प्रदेशात आहे, हरियाणात शेतीवाडीचं घर आहे, हुंडा तर नाहीच उलट लग्नाचा खर्च तेच करतील वरून घरच्यांना काही रक्कम देतील. लग्न चार माणसांत उरकतं, कधी देवळात, कधी नुसतं नोटरीच्या कागदावर, आणि पोरगी गेली. तिथं गेल्यावर कळतं की तिची किंमत ठरलेली होती, आणि घरातल्या एकाच माणसाची ती बायको आहे असंही नाही. काही पोरी पुन्हा पुढं विकल्या जातात.

आपल्याकडं ती येते तेव्हा ‘नवविवाहित, पाळी चुकली’ एवढंच असतं. लग्नाचा फोटो, मंगळसूत्र, कागद, सगळं असतं. म्हणून लग्न झालंय एवढ्यावर थांबू नका. वय, माहेरशी बोलणं होतं का, पैसे कोणी कोणाला दिले, एवढं हळूच काढा. १८ च्या आतली असेल तर बालविवाह आहेच, खेड्यात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

ओपीडीत दीडशे चिठ्ठ्या निघतात. एवढ्या गर्दीत ओळखायचं कसं?

एक सांगते, मग उत्तर देते.

हिवाळ्याचे दिवस, दुपारचा एक वाजून गेलेला, ओपीडी संपत आलेली. एक पोरगी आली, अंगात पुरुषी मापाचा निळा स्वेटर, पायात चपलाही पुरुषाच्या, पुढं बोटं निसटून रायली होती. सोबत चाळिशीचा माणूस. कंबर दुखते, तो म्हणाला. नाव त्यानं सांगितलं. वय १९, त्यानं सांगितलं. गाव विचारलं तर एक म्हणाला, मी आधार मागितलं तर त्यानं शर्टाच्या खिशातून रबर लावलेला आधार कार्डांचा गठ्ठा काढला, चार-पाच कार्डं असतील, आणि पत्त्यासारखी चाळत तिचं शोधायला लागला. कार्डावरचं गाव वेगळंच. पोरगी त्या गठ्ठ्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. आणि मी काय केलं, मी ते कार्ड बघून नंबर उतरवला, डॉक्टरांनी दुखण्याची गोळी नि कॅल्शियम लिहून दिलं ते मी दिलं, आणि ते दोघं गेले. तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं की एका माणसाच्या खिशात पाच जणांची आधार कार्डं हीच मोठी खूण आहे. त्या पोरीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तो गठ्ठा नि ते रबर मला आजही दिसतं.

तर खुणा. एकच खूण म्हणजे काही नाही, तीन-चार एकत्र आल्या की थांबायचं. सोबतचा माणूस सगळी उत्तरं देतो आणि हिला बोलू देत नाही. कागदपत्रं, फोन, पैसे सगळं त्याच्याकडं. ती कोणत्या गावात आहे हे तिला सांगता येत नाही, वार-तारीख सांगता येत नाही. दुखणं जुनं पण दवाखान्यात आज पहिल्यांदा आणलं, तेही हातापायानं धड राहिली नाही तेव्हा. अंगावर वेगवेगळ्या दिवसांचे मार, एक पिवळा पडलेला एक ताजा निळा, सिगारेटचे गोल डाग, मनगटाला वळ. वारंवार अंगावरून जाणं, लघवीची जळजळ, गुप्तरोग, सहा महिन्यांत तिसरी यूपीटी (लघवीवरची गरोदरपणाची तपासणी). हिमोग्लोबिन ६, वजन ३५. मजूर असेल तर वीटभट्टीवरचं भाजणं, हात सोलवटलेले, उपचार न झालेली जखम आणि ‘लवकर करा, गाडी उभी आहे’ म्हणणारा मुकादम. भाषेकडंही लक्ष द्या, पोरगी गोंडी नाहीतर कोरकू बोलते आणि ‘नवरा’ तिच्याशी हिंदीत, तेही हुकमासारखं.

आणि अशी पेशंट रडतच येईल असं समजू नका. काही चिडतात, काही हसतात, काही आपल्यालाच टाकून बोलतात. ‘नाटकं करते’ असं म्हणायच्या आधी थोडं थांबा.

अंगावर गोंदलेलं असेल तर संशय घ्यायचा का?

गोंड, परधान, कोरकू बायांच्या अंगावर गोंदण हे पिढ्यांपासूनचं आहे, त्याला खूण बनवू नका. संशय येतो तो ताज्या, वेड्यावाकड्या, एखाद्या पुरुषाच्या नावाच्या किंवा आकड्याच्या गोंदणाचा, आणि त्याबद्दल विचारलं की ती झाकून घेते त्याचा.

सोबतचा माणूस हलतच नाही. त्याला बाहेर कसं काढायचं?

भांडून नाही. त्याला वास लागला की तो तिला घेऊन निघून जाईल आणि रात्री मार तिला बसेल. दवाखान्याचे नियम आपल्या कामी येतात. लघवी तपासायची आहे, डबी घेऊन बाथरूमपर्यंत मी सोबत जाते. एएनसीचं (गरोदर बाईचं) पोट तपासायचं आहे, आत पुरुष चालत नाही, बाहेर बायांची रांग आहे. वजन-उंची पलीकडच्या खोलीत. त्याला तेवढ्यात चिठ्ठीवर शिक्का आणायला पाठवा, औषधाच्या खिडकीवर पाठवा. आमच्याकडं शिपाईमामांना आम्ही सांगून ठेवलंय, मी ‘मामा, मोठं रजिस्टर कुठं आहे’ म्हटलं की ते त्या माणसाला आधारची झेरॉक्स काढायला चौकात घेऊन जातात. बाई सोबत असली तरी हेच, नेणारी बाईच असते पुष्कळदा, ‘मावशी’ म्हणते, ‘मोठी बहीण’ म्हणते.

एकटी मिळाली. आता काय विचारू?

‘तुला कोणी विकलं का’ असं तर अजिबात नाही. तिनं तो शब्द स्वतःबद्दल कधी वापरलेलाच नसतो. बसा, तिच्या डोळ्यांच्या पातळीला या, दार लोटा पण कडी लावू नका, बंद कडीची भीती काय असते ते आपल्याला माहीत नसतं.

मी अशी सुरुवात करते, ‘माय, तू जेवली का सकाळी?’ मग ‘झोपायला जागा आहे का, किती जणी झोपता?’, ‘कामाचे पैसे तुझ्या हातात येतात का?’, ‘माहेरी फोन लागतो का?’, ‘एकटी बाजारात जाता येतं का?’, ‘घरी कोणाची भीती वाटते का?’. तेवढ्यात बहुतेक कळतं. एकदा एकीनं लघवीची डबी हातात धरूनच सांगितलं, ‘बाई, मले त्याच्यासंग नाई जायचं, पण सांगू नका कोणाले.’ पूर्ण गोष्ट काढत बसू नका, तपशील विचारणं हे पोलिसांचं आणि समुपदेशकाचं काम आहे, प्रत्येक टेबलावर तिला तेच तेच सांगायला लावणं म्हणजे तिला पुन्हा तिथं नेऊन सोडणं.

आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, विशेषतः पोरगी लहान दिसत असेल तर. त्याऐवजी सांगा, ‘तुझ्या सुरक्षेसाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारून, तुला कळवून.’ खोटं बोलून मिळवलेला विश्वास संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

भाषाच कळत नाही तर?

सोबतच्या माणसाला दुभाषा करू नका, हे पक्कं. आशाताई, अंगणवाडीताई, दवाखान्यातली आया, कोणी माडिया, गोंडी, कोरकू, कोलामी, छत्तीसगढी बोलणारं असतंच. पण ती व्यक्ती त्याच ठेकेदाराच्या नात्यातली नाही ना एवढं बघा. नाहीच कोणी मिळालं तर फोनवर बोलवून घ्या, स्पीकर बंद, फोन तिच्या कानाला.

पोरगी १८ च्या खालची आहे. कळवलंच पाहिजे का?

हो. लैंगिक शोषणाची शंका जरी असली तरी पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मोबाईलवर का होईना पण कळवायचं. नाही कळवलं तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याहून जास्त. चांगल्या हेतूनं कळवलं आणि शंका चुकीची निघाली तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. पुरावा गोळा करून मग कळवू असं करू नका, पुरावा शोधणं आपलं काम नाही.

पोलिसांना कळवल्यावर मुलीला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं नेलं जातं, पुढं कुठं ठेवायचं ते समिती ठरवते. तोवर दवाखान्यात ‘निरीक्षणासाठी’ भरती करून घ्या, ताप, अशक्तपणा, सलाईन, कारण वैद्यकीय अधिकाऱ्यांना सापडतंच, खरं असलेलंच लिहा. त्या तासांमध्ये तिला एकटी सोडू नका आणि त्या माणसाला आत सोडू नका.

१८ च्या वरची आहे आणि म्हणते पोलीस नको. मग?

मग तिचं ऐकायचं. हे आपल्याला जड जातं, आपल्याला वाटतं आत्ताच सोडवावं हिला. पण तिला माहीत असतं की घरी धाकटी बहीण आहे, की तिचं लेकरू त्यांच्याकडं ठेवलंय, की मागच्या वेळी पळाली तेव्हा काय झालं. जिवाला धोका दिसला तर वेगळं, तेव्हा ११२. बलात्काराबद्दल तिनं सांगितलं असेल तर एमएलसी (पोलीस केस म्हणून दवाखान्यातली नोंद) करावी लागते आणि पोलिसांना कळवावं लागतं, पण तक्रार द्यायची नाही असं तिचं म्हणणं असेल तर ते तसंच कागदावर लिहून घेतात, तिला तक्रार द्यायला भाग पाडता येत नाही.

बाकी वेळी दार उघडं ठेवा. सात दिवसांनी परत बोलवा, ‘रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे’ म्हणा, आणि खरंच एखादी तपासणी पाठवा. नंबर कागदावर देऊ नका, कागद तो माणूस बघतो. ११२ आणि १८१ तोंडपाठ करून घ्या, तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. आमच्या एका एएनएमनं लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटावर आपला नंबर औषधाच्या बॅच नंबरसारखा लिहिला होता, ती आयडिया मला फार आवडली.

वय कसं ठरवायचं? आधारवर १९ आहे.

आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा नाही, बऱ्याच कार्डांवर तर नुसतं १ जानेवारी असतं. बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. हे समिती बघेल. आपण चिठ्ठीवर ‘वय १९ (सोबतच्या व्यक्तीने सांगितले), दिसायला कमी वाटते’ असं लिहून ठेवायचं. ‘कोणी सांगितलं’ हे लिहायची सवय लावा.

तपासणी आणि कागदांत काय सांभाळायचं?

उपचार आधी. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्यानं मोफत आणि ताबडतोब उपचार द्यायचे आहेत, एफआयआर झाला नाही म्हणून परत पाठवायचं नाही, नकार दिला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत म्हणून रेफर करताना घड्याळ बघा, गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी बरी. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, तोवर आंघोळ झाली असली, कपडे बदलले असले तरी घ्यायचे.

टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून बघणं, करायची नाही. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती बंद आहे आणि सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. तरी कोणी जुन्या फॉर्मवर तो रकाना पुढं केला तर रिकामा सोडा नि सरळ सांगा की हे आता चालत नाही. ‘(शरीरसंबंधांच्या) सवयीची आहे’ हे शब्द कुठंच लिहायचे नाहीत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची, आत पोलीस नको, तिला विश्वास वाटेल अशी एक बाई सोबत. १२ वर्षांवरची मुलगी तपासणीला स्वतः संमती देऊ शकते, आणि नाहीही म्हणू शकते.

लिहिताना तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहा. ‘मले कोंडून ठेवते’ म्हणाली तर तेच लिहा, त्याचं ‘पेशंट आरोप करते की’ असं करू नका. जखमांची जागा, रंग, माप. आणि तिचं नाव, गाव व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका, ‘हेल्प हवी’ म्हणून सुद्धा नाही, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आमच्या भागात एका पोरीचं नाव असंच फिरलं नि तिच्या आईला गाव सोडावं लागलं.

गर्भपातासाठी आणलं असेल तर?

इथं घाईनं सही घेऊ नका. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, पण पालक म्हणवणारा माणूसच तो असेल तर? बालकल्याण समितीला विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारपीडित आणि अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, २० आठवड्यांच्या पुढं दोन डॉक्टरांचं मत लागतं. आणि डीएनएसाठी नमुना ठेवायचा असतो तो फॉर्मालिनमध्ये टाकू नका, बिघडतो. एवढं लेबर रूमच्या सगळ्यांना माहीत पाहिजे, कारण तो नमुना फेकला गेला की केस तिथंच लुळी पडते.

फोन कुणाला लावायचा? आमच्याकडं रेंजच नाही.

तातडीचं असेल तर ११२. लहान मुलांसाठी १०९८, चोवीस तास. बायांसाठी १८१. मोफत वकील हवा तर १५१००. रेल्वेत किंवा स्टेशनवर काही दिसलं तर १३९, आपल्याकडं बल्लारशा, गोंदिया, बडनेरा, वर्धा ही मोठी जंक्शनं आहेत, पोरी तिथूनच पुढं जातात. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं राहायची तात्पुरती सोय, समुपदेशन, पोलीस नि वकील एका जागी मिळतात. पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षही जिल्ह्याला असतो. अत्याचारपीडितांसाठी मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं.

रेंजचं खरं आहे. भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा इथं काम करणाऱ्यांना मी काय सांगणार. गडचिरोलीत जवळचं पोलीस मदत केंद्र, बाकी ठिकाणी पोलीस पाटील, आणि नाहीच जमलं तर १०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरांकडं निरोप. हे नंबर आणि जिल्ह्यातल्या चार लोकांचे थेट नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, वेळ आली की शोधत बसावं लागतं नि तेवढ्यात जीप निघून जाते.

आपणच गावातल्या पोरांना घेऊन सोडवून आणलं तर?

नको. तुम्ही पोहोचेपर्यंत बाकीच्या मुली दुसरीकडं हलवल्या जातात, आणि मार त्या खातात.

आशाताई नि एएनएमनं आधीच थांबवण्यासाठी काय करायचं?

हे माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचं आहे, कारण दवाखान्यात पोचलेली पोरगी म्हणजे आधी बरंच काही घडून गेलेलं. आशाताईला जे दिसतं ते पोलिसाला कधीच दिसत नाही. कोणाच्या घरी नवीन पाहुणी बाई तीन दिवसांपासून मुक्कामाला आहे, कोणाच्या पोट्टीनं आठवीतून शाळा सोडली, कोणाच्या घरी एकदम नवा मोबाईल आला, कोणाचं कर्ज थकलंय.

दिवाळीनंतर माणसं बाहेर पडायला लागतात तेव्हा घरभेटीत तीन गोष्टी विचारून वहीत लिहा. कुठं चालले, गाव-तालुका सकट. कोण नेतंय, त्याचं नाव नि फोन. परत कधी. यात पोलिसी काही नाही, एएनसीची बाई, लसीचं लेकरू कुठं गेलं हे आपल्याला लागतंच, एमसीपी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या नि लसींचं) सोबत द्यायचंच असतं. पण ज्या ठेकेदाराचा फोन नंबर वहीत लिहिलेला आहे तो जरा सांभाळून वागतो, हे मी बघितलंय. आणि कोणी नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर तीच गोष्ट आईबापाला दाखवून द्या, ‘जो माणूस नंबर देत नाही त्याच्यासोबत पोरीले कावून पाठवता?’

किशोरी मुलींच्या बैठकीत सॅनिटरी पॅड वाटून झाले की दहा मिनिटं यावर बोला. घरचा एक फोन नंबर पाठ आहे का विचारा. आमच्या बैठकीत २२ पोरींमधून सहा जणींना आईचा नंबर पाठ होता, बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये ‘मम्मी’ म्हणून सेव्ह. मोबाईल काढून घेतला की मम्मी गेली. त्या दिवशी आम्ही नुसतं पाठांतरच केलं, पाढ्यासारखं.

यवतमाळच्या झरी-जामणी भागातला कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत आहे, बाहेरून आलेल्या माणसांनी लग्नाचं आमिष दाखवून कोलाम-गोंड पोरींना सोडून दिलं. ते प्रत्येक वेळी तस्करीत बसेल असं नाही, पण रस्ता तोच आहे, गरिबी, आमिष आणि विचारणारं कोणी नाही.

वीटभट्टीवर लसीकरणाला जातो तेव्हा काय बघायचं?

वीटभट्ट्या आपल्या सूक्ष्म कृती आराखड्यात हाय रिस्क म्हणून असतातच, व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन आपण आत जातो, जिथं दुसरं कोणी जात नाही. लेकरं विटा उलटवताना दिसतात का, झोपड्यांना बाहेरून कडी आहे का, बाया मालकाकडं बघून मग उत्तर देतात का, आजारी माणूस तसाच पडलाय का. बाहेरून आपल्याकडं आणलेल्या मजुरांचं तर आणखी अवघड, त्यांना गावात ओळखणारं कोणी नसतं. लस देता देता आईशी बोला, मालकाशी नाही. तिथं वाद घालू नका, पुढच्या महिन्यात लसीला पुन्हा आत जाता आलं पाहिजे. परत आल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, त्यांच्यामार्फत तहसीलदारांकडं जाऊ द्या.

नेणारा माणूस आमच्याच गावचा, वजनदार. मला इथंच राहायचं आहे, भीती वाटते.

वाटणारच. आशाताई त्याच विहिरीवर पाणी भरतात, त्यांना ‘धाडस करा’ म्हणून सांगणं सोपं आहे. म्हणून एकटीनं, स्वतःच्या मोबाईलवरून कधीच नाही. गटप्रवर्तकांना (आशांवर देखरेख करणाऱ्या ताईंना) सांगा, त्या एलएचव्हीला (आरोग्य सहायिकेला) सांगतील, त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि कळवणं दवाखान्याच्या नावानं होऊ द्या. १०९८ वर नाव न सांगताही माहिती देता येते. आणि वैद्यकीय अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे, तुमच्या आशानं तुमच्या कानात काही सांगितलं तर ते मिटिंगमध्ये तिच्या नावानं बोलू नका.

पोरगी परत आली आहे. गावात सगळे बोलून राहिले. आपण काय करायचं?

मागच्या होळीच्या आधी आमच्या एका पाड्यावर एक पोरगी परत आली, दीड वर्षानं. घराबाहेर पडेना, शेजारणी भिंतीवरून डोकावून जायच्या. तिथल्या आशाताई दुसऱ्या दिवशी गेल्या, वजनकाटा घेऊन. कुठं होती, काय झालं, एक शब्द विचारला नाही. वजन केलं, बीपी बघायला सीएचओंना (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) बोलावलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळी कधी आली होती एवढं विचारलं. आठ दिवसांनी परत गेल्या. मग परत. चौथ्या वेळी पोरगी म्हणाली, ‘ताई, मले खालून लय दुखते.’ तेव्हा तिला ग्रामीण रुग्णालयात आणलं, आयसीटीसीच्या (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्राच्या) समुपदेशक ताईंनी तपासण्या करून घेतल्या, औषधं सुरू झाली, सखी सेंटरच्या ताई भेटायला आल्या. तक्रार द्यायची की नाही ते तिचं अजून ठरलेलं नाही. आशाताई दर बुधवारी जातात, वजनकाटा घेऊनच, कारण शेजारणींना दिसायला काहीतरी काम पाहिजे. मागच्या बुधवारी ३८ भरलं.